शिडाच्या होडीसाठी तलाव कसा शोधावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रेलरवरून नेता येणारी होडी ज्याच्याकडे आहे, त्याला पाण्याची निवड असते. बंदरातल्या होडीला ती नसते. पण निवड आली की प्रश्नही येतात. नवीन होडी घेतलेले लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

ही माहिती नेमक्या कुठल्या होड्यांसाठी आहे?

साधारण ४ ते ८ मीटर लांबीच्या, गाडीमागे ओढता येणाऱ्या आणि दोन माणसांना डोलकाठी उभी करता येईल अशा शिडाच्या होड्यांसाठी. यातल्या बहुतेकींना सेंटरबोर्ड (होडी आडवी सरकू नये म्हणून पाण्यात सोडायची फळी) किंवा वर उचलता येणारी कील (बुडाखालचं जड पातं) असते. काहींच्या बुडात पाण्याची टाकी असते. पाण्यात उतरल्यावर ती भरायची, म्हणजे होडीला वजन येतं, आणि बाहेर काढताना रिकामी करायची. स्थिर कील असलेली होडीही ट्रेलरवर जाते, पण तिला रॅम्प (होडी पाण्यात उतरवायचा काँक्रीटचा उतार) आणि खोली दोन्ही जास्त लागतात. तिच्यासाठी तलावांची यादी निम्म्याने कमी होते असं समजा.

चांगला तलाव कशाला म्हणायचं?

जिथे वारा पाण्यापर्यंत बिनअडथळा पोचतो आणि जिथे तुम्ही जाल त्या दिवशी होडी उतरवता आणि काढता येते, त्याला. बाकी सगळं दुय्यम.

हे मी ठासून सांगतो, कारण बहुतेक लोक तलाव निवडतात तो फोटो बघून. चारी बाजूंनी उंच डोंगर, काठापर्यंत गर्द झाडी, आरशासारखं पाणी असा तो फोटो असतो. आरशासारखं पाणी म्हणजे वारा नाही. याउलट सपाट माळरानावरचा, काठाला एकही झाड नसलेला बोडका जलाशय फोटोत कुणाला आवडत नाही, पण शिडाच्या होडीसाठी तोच बहुधा पहिल्या नंबरचा असतो. डोंगरातलं पाणी वाईटच असतं असं नाही. तिथल्या वाऱ्याचं गणित वेगळं असतं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

तलाव किती मोठा हवा?

हिशेब सोपा आहे. २० ते २२ फुटी होडी चांगल्या वाऱ्यात ४ नॉटने जाते, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटर. ३ किलोमीटर लांबीचा तलाव ती पंचवीसेक मिनिटांत पार करते. वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी जायचं असेल तर तेच अंतर तासभर पुरतं. दुपारभर फिरायला एवढं पाणी पुरेसं आहे. शिकायला तर एक किलोमीटरही चालतं, वळणं जास्त घ्यावी लागतात आणि हात लवकर बसतो.

लांबीपेक्षा महत्त्वाची आहे ती दिशा. लांबट तलावाची लांबी ज्या दिशेला आहे त्याच दिशेने नेहमीचा वारा वाहत असेल तर वारा स्वच्छ मिळतो, पण लाटाही चढतात. वारा आडवा येत असेल तर लाटा कमी, मात्र काठाच्या आडोशाने वारा तुटक लागतो. बोटांसारखे फाटे फुटलेला जलाशय नकाशावर मोठा दिसतो. प्रत्येक फाट्यात वारा वेगळा असतो, म्हणून क्षेत्रफळ पाहून फसू नका. मधलं मोकळं पाणी किती आहे ते मोजा.

वारा चांगला आहे की नाही, हे घरबसल्या कसं कळेल?

पहिला पुरावा म्हणजे डोलकाठ्या. उपग्रहाच्या फोटोत काठ निरखून पाहा. धक्क्याला बांधलेल्या किंवा काठावर ठेवलेल्या शिडाच्या होड्या दिसल्या, तर तिथे वर्षानुवर्षं कुणीतरी शीड लावतं आहे. तलावावर सेलिंग क्लब असेल तर त्यांच्या शर्यतींचं वेळापत्रक मिळवा. शर्यती दुपारी दोनला सुरू होत असतील तर तिथला वारा दुपारचा आहे. सकाळी सातला होत असतील तर वारा सकाळचा आहे. क्लबाने ही वेळ सवयीने नाही, अनुभवाने ठरवलेली असते.

दुसरा पुरावा जमिनीवर असतो. आसपास पवनचक्क्या आहेत का? काठावरची एकटी झाडं एकाच बाजूला झुकलेली आहेत का? कुठल्या काठाची माती लाटांनी खाल्ली आहे आणि कुठल्या काठाला गवत-वेत शांतपणे वाढले आहेत? लाटांनी खाल्लेला काठ म्हणजे नेहमीचा वारा जिकडे जातो तो काठ.

तिसरी गोष्ट आडोशाची. झाडांची रांग, टेकडी, धरणाची भिंत यांच्या मागे वारा मंदावतो, आणि त्याचा पल्ला उंचीच्या पटीत मोजतात. अडथळ्याच्या उंचीच्या दहा पटींपर्यंत वारा चांगलाच मेलेला असतो आणि वीस-तीस पटींपर्यंत तो तुटक राहतो. १५ मीटर उंच झाडी असेल तर दीडशे मीटर पाणी जवळजवळ निकामी आणि पुढचे तीनशे मीटर बेभरवशाचे. पाचशे मीटर रुंदीच्या तलावात मग काय उरलं? हा एक गुणाकार बऱ्याच सहली वाचवतो.

मोबाइलवरचा हवामानाचा अंदाज पुरेसा नाही का?

सुरुवात करायला पुरेसा आहे. पण तो अंदाज मोठ्या चौकोनांच्या सरासरीवर चालतो. तुमची टेकडी, तुमची खिंड आणि तुमचं थंड पाणी त्याला दिसतंच असं नाही. जवळच्या विमानतळाच्या नोंदी जास्त उपयोगी पडतात, कारण त्या प्रत्यक्ष मोजलेल्या असतात. तरी विमानतळ मुद्दाम सपाट, मोकळ्या जागी बांधलेला असतो, आणि तुमचा तलाव बहुधा खळग्यात असतो.

थंडी संपताना एक गंमत होते, ती माहीत असलेली बरी. खोल तलावाचं पाणी अजून गार असतं आणि वरून ऊबदार हवा येते. गार पाण्याला टेकलेली हवा जड होऊन तिथेच बसून राहते आणि वारा तिच्या डोक्यावरून निघून जातो. डोलकाठीच्या टोकावरची पट्टी फडफडते आणि पाण्यावर सुरकुतीही नसते. अंदाज १२ नॉटचा, होडी जागची हलत नाही. हिवाळा लागताना उलट घडतं. पाणी ऊबदार, हवा गार, त्यामुळे हवा खालीवर घुसळते आणि वारा झोताझोताने येतो. तोच १२ नॉटचा अंदाज तेव्हा दचकवणारा ठरतो.

डोंगरातल्या सरोवरांवर वारा मिळतो का?

मिळतो, आणि काही ठिकाणी घड्याळ लावावं इतका नेमाने मिळतो. दिवसा उन्हाने डोंगरउतार तापतात, हवा वर चढते आणि दरीतून वरच्या बाजूला वारा ओढला जातो. रात्री उतार गार होतात आणि जड हवा खाली ओघळते. शाळेच्या भूगोलात हेच दरीय वारे आणि पर्वतीय वारे म्हणून शिकवतात.

इटलीतलं गार्डा सरोवर हे याचं उत्तम उदाहरण. सुमारे ५२ किलोमीटर लांबीचं हे सरोवर उत्तर-दक्षिण पसरलं आहे आणि उत्तर टोकाला डोंगरांच्या चिमटीत अरुंद होत जातं. तिथे पहाटेपासून सकाळपर्यंत उत्तरेकडून पेलेर वाहतो, मधे थोडी शांतता, आणि दुपारी दक्षिणेकडून ओरा सुरू होतो. अरुंद भागात दोन्ही वाऱ्यांना जोर चढतो. इटलीतल्याच कोमो सरोवरावर याच जोडीला तिवानो आणि ब्रेवा म्हणतात. वाऱ्याला स्थानिक नाव असणं ही फार चांगली खूण आहे. लोक नाव कशाला देतात? जे रोज भेटतं त्याला. नवीन तलावावर गेलात की तिथल्या कोळ्यांना विचारा, "इथल्या वाऱ्याला काय म्हणता?" उत्तरात वेळ, दिशा आणि धोका तिन्ही मिळतात.

मात्र हे वारे उन्हावर अवलंबून असतात. ढगाळ दिवशी ते येत नाहीत.

खोली किती लागते?

उचलत्या कीलच्या २२ फुटी होडीला कील वर असताना साधारण ६० सेंटीमीटर आणि खाली सोडल्यावर दीड मीटर पाणी लागतं. म्हणजे तीन मीटर खोलीचा तलावसुद्धा पुरतो. हंगेरीतल्या बालाटोन सरोवराची सरासरी खोली तीन मीटरच्या आसपास आहे आणि तिथे शेकडो शिडं दिसतात. ऑस्ट्रिया आणि हंगेरीच्या सीमेवरचं नॉइसीडल सरोवर जेमतेम १.८ मीटर खोल, तरी तेही सेलिंगसाठी प्रसिद्ध आहे.

खरी काळजी सरासरी खोलीची नसते. पाण्याखाली काय उभं आहे, याची असते. धरण बांधताना जंगल न तोडता पाणी भरलं असेल तर झाडं दशकानुदशकं तशीच उभी राहतात. पाण्याखाली लाकूड कुजायला फार वेळ लागतो. आफ्रिकेतल्या करीबा जलाशयात १९५८ ते १९६३ या काळात पाणी भरलं, आणि वाळलेल्या झाडांचे शेंडे अजूनही काठालगत पाण्याबाहेर दिसतात. घानातल्या व्होल्टा जलाशयात अशा बुडालेल्या झाडांवर आदळून होड्या फुटतात. बाहेर दिसणारा शेंडा चुकवता येतो. एक फूट पाण्याखालचा चुकवता येत नाही.

म्हणून पातळी सर्वांत खाली गेलेली असतानाचे उपग्रह फोटो शोधा. युरोपीय आयोगाच्या संयुक्त संशोधन केंद्राने लँडसॅट उपग्रहांच्या १९८४ पासूनच्या चित्रांवरून जगभरच्या भूपृष्ठावरील पाण्याचा नकाशा तयार केला आहे आणि तो फुकट पाहता येतो. कुठला भाग वर्षभर पाण्याखाली असतो आणि कुठला मधूनमधून कोरडा पडतो, हे त्यात रंगांनी कळतं. कोरडा पडणारा भाग म्हणजे जुनी शेतं, बांध, विहिरी, कुंपणं. होडी तिथे नेऊ नका.

नैसर्गिक सरोवर बरं की धरणाचा जलाशय?

नैसर्गिक सरोवराची पातळी वर्षात मर्यादित हलते. आल्प्सच्या पायथ्याच्या कॉन्स्टन्स सरोवरात बर्फ वितळल्यावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी सर्वांत वर असतं आणि हिवाळ्याच्या शेवटी सर्वांत खाली. फरक सरासरी दीडेक मीटरचा आणि दरवर्षी जवळपास त्याच वेळी. माणसं त्या हिशेबाने धक्के बांधतात.

जलाशयाचं पाणी शेती, वीज आणि पिण्यासाठी साठवलेलं असतं. होडीवाल्याचा नंबर शेवटी लागतो, आणि ते रास्तच आहे. ज्या प्रदेशात वर्षाचा सगळा पाऊस तीन-चार महिन्यांत पडतो तिथे एकाच जलाशयाची पातळी हंगामात दहा-वीस मीटर खाली जाऊ शकते. अमेरिकेतल्या लेक मीडमध्ये जुलै २०२२ मध्ये पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ३१७ मीटरपर्यंत उतरलं. १९३० च्या दशकात जलाशय भरला तेव्हापासूनची ती नीचांकी पातळी होती. एकामागून एक रॅम्प कोरडे पडून बंद करावे लागले.

तेव्हा जलाशयावर जाण्याआधी दोन आकडे हवेतच: आजची पाणीपातळी आणि रॅम्पचं खालचं टोक कुठल्या पातळीवर आहे तो आकडा. धरणाच्या नोंदी बहुतेक ठिकाणी रोज जाहीर होतात. दुसरा आकडा मिळाला नाही तर फोन करून विचारा, "आज रॅम्पच्या टोकाला किती पाणी आहे?" हो-नाहीवर समाधान मानू नका. "रॅम्प चालू आहे" हे वाक्य मासेमारीच्या सपाट होडीसाठी खरं आणि तुमच्यासाठी खोटं असू शकतं. मी एकदा तेवढ्या वाक्यावर विसंबून चार तास होडी ओढत नेली. रॅम्प खरोखरच चालू होता. टोकाला गुडघाभर पाणी होतं आणि पुढे गाळ. चार तास ओढून परत आणली.

सांडवा, दरवाजे आणि पाणी उचलण्याच्या जागा यांच्यापासून तरंगत्या खुणांच्या दोराने जो भाग वेगळा केलेला असतो, त्याच्या जवळही फिरकू नका. तिथली ओढ पृष्ठभागावर दिसत नाही.

रॅम्प चांगला आहे हे कसं ओळखायचं?

उतार साधारण १२ ते १५ टक्के असलेला बरा. याचं कारण हिशेबात आहे. २२ फुटी होडी ट्रेलरवरून तरंगून सुटायला तिच्या मध्याखाली साधारण १.२ मीटर पाणी लागतं. १३ टक्के उतारावर तेवढी खोली काठापासून ९ मीटरवर मिळते. उतार ८ टक्के असेल तर १५ मीटरवर. गाडीच्या हुकापासून होडीचा मध्य पाचेक मीटर मागे असतो. म्हणजे सपाट रॅम्पवर गाडीच बुडेल. अशा ठिकाणी ट्रेलरचा दांडा लांबवायची सोय हवी, किंवा चाकांना ओट लावून ट्रेलर दोराने खाली सोडावा लागतो. उतार १५ टक्क्यांच्या फार पुढे गेला तर वर चढताना गाडीची चाकं घसरतात.

काँक्रीट कुठे संपतं ते काठीने शोधा. हे काम नजरेने होत नाही. दोन-अडीच मीटरचा बांबू घ्या, त्यावर दर २५ सेंटीमीटरला रंगाची खूण करा, आणि रॅम्पच्या कडेने पाण्यात चालत जा. पाण्याच्या रेषेखालचा पहिला मीटरभर पट्टा हिरव्या शेवाळाचा असतो, तिथे टाच आधी टेकवून जा. बांबू टेकल्यावर 'टक' असा आवाज येतो तोवर काँक्रीट आहे. 'भस' झालं की ते संपलं. बरेच लोक मोटर जोरात चालवून होडी ट्रेलरवर चढवतात. त्या धारेने काँक्रीटच्या टोकापुढची माती वाहून खड्डा पडतो. ट्रेलरची चाकं त्या खड्ड्यात उतरली की आस काँक्रीटच्या कडेला अडकतो आणि पुढे ओढलं तर वाकतो. टोक सापडलं की काठावर त्याच्या सरळ रेषेत एक दगड ठेवा. ट्रेलर मागे घेताना चाक त्या दगडाच्या अलीकडे थांबलं पाहिजे.

रॅम्पजवळ धक्का आहे का, आणि तो वाऱ्याच्या कुठल्या अंगाला आहे, हेही पाहा. शिडाची होडी रॅम्पवरून सुटली की लगेच निघत नाही, ती बांधून ठेवावी लागते. धक्का नसेल तर एक माणूस कमरेएवढ्या पाण्यात उभा राहतो. आणि डोलकाठी उभारायला अर्धा-पाऊण तास लागतो, तो रॅम्पवर उभं राहून घेऊ नका. बाजूला मोकळी जागा असलेला तलाव निवडा. त्या वेळात ट्रेलरच्या चाकांचे हबही निवतात. लांबून आलेल्या हबला तळहात लावून पाहा, चटका बसेल. गरम हब थंड पाण्यात बुडवला तर आतली हवा आकसून पाणी ओढून घेते, आणि पुढच्या प्रवासात बेअरिंग जातं. दिव्यांची जोडणीही पाण्यात उतरण्याआधी काढा.

डोलकाठी उभारताना कशाची भीती?

विजेच्या तारांची. सगळ्या प्रश्नांत हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि माणूस जागेवर जातो तो यानेच. ॲल्युमिनियमची डोलकाठी वीज वाहून नेते, कार्बन फायबरचीही नेते. २२ फुटी होडीची काठी पाण्यापासून ९ मीटरच्या आसपास पोचते. वर न बघता काठी उभारू नका, आणि काठी उभी असताना ट्रेलर हलवायच्या आधी गाडीतून उतरून पुढचा सगळा रस्ता पायी बघून या. तार असेल तर काठी खाली घ्या, कितीही घाई असली तरी.

तलावावरून जाणाऱ्या तारा आणि पुलांचं तसंच. त्यांची लिहिलेली उंची एका ठरावीक पाणीपातळीवरून मोजलेली असते. पाणी त्याहून दोन मीटर वर असेल तर तुमची मोकळी जागा दोन मीटरने कमी झालेली असते. तार उष्णतेने खाली झोळतेही.

तलाव समुद्रापेक्षा सुरक्षित, हे खरं ना?

काही बाबतीत खरं. भरती-ओहोटी नसते, काठ जवळ असतो. पण लाटांच्या बाबतीत गैरसमज आहे. २० नॉटचा वारा १ किलोमीटर पाण्यावरून आला तर लाट वीतभर असते. १० किलोमीटरवरून आला तर अर्ध्या मीटरची, आणि दोन लाटांमधलं अंतर तीन सेकंदांपेक्षा कमी. आकडा लहान वाटतो. पण छोट्या होडीला एका लाटेतून सावरायच्या आत दुसरी लागते आणि तिचा वेगच मरतो. उथळ पाण्यात लाटा आणखी उभ्या होतात. उत्तर अमेरिकेतलं एरी सरोवर तिथल्या पाच महासरोवरांत सर्वांत उथळ, सरासरी १९ मीटर. ते याच लाटांसाठी बदनाम आहे. तिथे जोराचा वारा पाणी एका टोकाला लोटतो आणि दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून जास्त फरक पडलेला आहे.

वादळाची चाहूल कशी घ्यायची?

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तिनाने भागा, तेवढे किलोमीटर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर तुम्ही काठावर असायला हवं होतं. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास पाण्यात परतू नका. गडगडाटी ढगातून खाली कोसळणारी गार हवा ढगाच्या पुढे धावते, म्हणून पाऊस यायच्या आधीच वाऱ्याचा तडाखा बसतो. दुपारी पाणी अचानक शांत झालं, अंगाला गार झुळूक लागली आणि एका बाजूला आभाळ शिसवी झालं, तर विचार करत बसू नका, शीड उतरवा.

काही सरोवरांवर इशाऱ्याचे दिवे आहेत. कॉन्स्टन्स सरोवराच्या काठचे दिवे मिनिटाला ४० वेळा चमकले तर जोराच्या वाऱ्याचा इशारा असतो आणि ९० वेळा चमकले तर वादळाचा. अशी सोय असलेला तलाव नवशिक्यासाठी इतरांपेक्षा वरचा.

पाणी किती गार आहे याने काय फरक पडतो?

हवा ऊबदार असली की आपण पाण्याचा विचारच करत नाही. बर्फ वितळून आलेलं पाणी भर उन्हाळ्यातही १० अंशांच्या आसपास असू शकतं. त्यात पडलं की पहिला मिनिटभर श्वास ताब्यात राहत नाही, पुढे दहाएक मिनिटांतच हातापायांतली ताकद जाते, आणि शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो. म्हणजे माणूस गारठून मरण्याआधी पोहता न आल्याने बुडतो. जीवरक्षक जाकीट अंगातच असलं पाहिजे. होडीतल्या खणात ठेवलेलं जाकीट त्या पहिल्या मिनिटात घालता येत नाही.

परवानग्या आणि मोटरबोटींचं काय?

प्रत्येक पाण्याचा मालक वेगळा आणि नियम वेगळे, त्यामुळे आधी विचारणं भाग आहे. पिण्याच्या पाण्याच्या साठ्यावर कधी होडीच नाही, कधी फक्त शीड, कधी फक्त विजेची मोटर चालते. बव्हेरियातल्या कोनिगसी सरोवरावर १९०९ पासून विजेवरच्या प्रवासी बोटी चालतात.

नियम कडक दिसले की लोक नाक मुरडतात. मला ते उलट वाटतं. जिथे वेगाच्या मोटरबोटींना मनाई आहे, तिथे शिडवाल्यांची चांदी असते. इंग्लंडमधल्या विंडरमियर सरोवरावर २००५ पासून ताशी १० सागरी मैलांची वेगमर्यादा आहे. गार्डाच्या उत्तरेकडच्या त्रेंतीनो भागात खासगी मोटरबोटींना बंदी आहे, आणि तिथेच शिडांची सर्वाधिक गर्दी असते. यादी करताना 'मोटरला बंदी' असलेले तलाव आधी तपासा.

एका तलावातून दुसऱ्यात होडी नेताना काय काळजी घ्यायची?

पाणी, चिखल आणि वनस्पती मागे ठेवून निघायचं, कारण त्यांच्याबरोबर परके जीव एका तलावातून दुसऱ्यात जातात. झेब्रा शिंपला मूळचा काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला. १९८८ मध्ये तो उत्तर अमेरिकेतल्या सेंट क्लेअर सरोवरात सापडला, मालवाहू जहाजांच्या टाक्यांतल्या पाण्यातून आला असावा. पुढचा प्रसार ट्रेलरवरच्या होड्यांनीही केला. त्याचाच भाऊबंद क्वागा शिंपला २००७ मध्ये लेक मीडमध्ये सापडला. त्यांच्या अळ्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या जागी काही दिवस जगतात.

सेंटरबोर्डची खाच, पाण्याची टाकी, मोटर थंड करणाऱ्या पाण्याचा मार्ग आणि ट्रेलरच्या पोकळ नळ्या, पाणी इथेच दडून बसतं. रॅम्पच्या वर येताच बूच काढा, सगळं पाणी तिथेच सोडा, घरी आल्यावर होडी पूर्ण वाळू द्या. जलपर्णीचा एक तुकडासुद्धा ट्रेलरला चिकटून जाऊ देऊ नका. १९९० च्या दशकात व्हिक्टोरिया सरोवराच्या खाड्या जलपर्णीने इतक्या भरल्या होत्या की होड्यांना वाट मिळत नव्हती.

उंचावरच्या तलावावर होडी वेगळी वागते का?

वागते. पेरू आणि बोलिव्हियामधलं टिटिकाका सरोवर ३,८१२ मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेच्या दोन-तृतीयांश घनतेची, त्यामुळे त्याच वेगाचा वारा शिडाला तेवढ्याच प्रमाणात कमी रेटतो. पेट्रोलची मोटरही दमते.

होडी न नेता आधी पाहणी करून यावी का?

शक्य असेल तर जरूर. माझ्या मते एक पाहणी दहा नकाशांच्या बरोबरीची आहे. सकाळी लवकर पोचा आणि संध्याकाळपर्यंत थांबा, कारण तुम्हाला दिवसभराचा वारा पाहायचा आहे. उंच जागेवरून पाण्याचा रंग बघा. वाऱ्याचा झोत पाण्यावर काळसर खवल्यांसारखा पसरत येतो, आडोशाचा भाग तेल सांडल्यासारखा चकचकीत दिसतो. दर तासाला कागदावर तलावाचा साधा आकार काढून त्यात काळं आणि चकचकीत कुठे आहे ते रेखाटा. दुपारी चारपर्यंत सात-आठ चित्रं जमतात, आणि ती शेजारी-शेजारी ठेवली की वारा कुठून सुरू होतो, कुठे वळतो, कुठे कधीच पोचत नाही, हे समोर दिसतं.

शनिवार-रविवारी गेलात तर गर्दी कळेल, आडवारी गेलात तर काठावरची माणसं निवांत बोलतील. मासे धरणाऱ्यांना पाण्याखालची झाडं माहीत असतात. होड्यांची देखभाल करणाऱ्याला विचारा, "कील वाकलेल्या होड्या इथे कुठून येतात?" तो हाताने बरोबर ती जागा दाखवेल.

होडीवरच रात्र काढायची असेल तर?

मग आडोसा असलेली एक खाडी हवी, आणि तिथे नांगराला तळ लागला पाहिजे. डोंगरातली हिमनदीने कोरलेली सरोवरं काही ठिकाणी काठाजवळच खूप खोल होतात, तिथे नांगर टाकणं अवघड. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडायचा असतो, त्यामुळे ३ मीटर खोलीवर २० मीटर दोर पुरतो आणि ३० मीटरवर दोनशे मीटरपर्यंत लागतो. रात्री ओघळणारा डोंगरवारा कुठल्या दिशेने येईल तेही धरून ठेवा. संध्याकाळी ज्या खाडीत आडोसा होता ती पहाटे उघडी पडते.

प्रत्येक तलावाबद्दल काय टिपून ठेवावं?

पुढच्या वेळी निर्णयाला लागेल तेवढंच. तारीख, पाणीपातळी, रॅम्पच्या टोकाला बांबूने मोजलेली खोली, वारा किती वाजता आला आणि किती वाजता पडला, कील कुठे घासली, तार कुठे आहे, कुणाचा फोन लागतो. पातळी लिहायला विसरू नका. तिच्याशिवाय बाकीचे आकडे पुढच्या वर्षी वाचता येत नाहीत.